कळशीभर पाणी

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे एक विहीर आहे. पावसाळा सरला की पाणी इतकं वर येतं की वाकून हात घातला तर बोटं भिजावीत. काठावर पंप आहे, मोटार चांगली दणकट आहे. तरीही वर्षातून दोन-चार वेळा असा प्रसंग येतोच की बटण दाबावं, मोटार घरघरावी आणि नळातून थेंब पडू नये. फुटव्हॉलमधून पाणी गळून पाइप रिकामा झालेला असतो. मग कुणीतरी कळशीभर पाणी आणून पंपाच्या तोंडात ओततं, झाकण घट्ट लावतं, पुन्हा बटण दाबतं. पंप पाणी धरतो आणि विहीर वर येऊ लागते.

विहीरभर पाणी उपसायचं तर आधी कळशीभर पाणी हाताशी हवं. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात, एका गॅरेजमध्ये, दातखीळ बसवणाऱ्या थंडीत मला आठवेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं. 2023 च्या जानेवारीत मी भाचीकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो. घरातल्या एका लग्नासाठी ती, जावई आणि त्यांची लहान मुलगी असे तिघं साडेतीन आठवडे गावी आले होते. परतताना मलाही सोबत घेऊन गेले. आम्ही शनिवारी रात्री टॅक्सीनं घरी पोचलो. रविवारी संध्याकाळी भाचीला रात्रपाळीला जायचं होतं. ती नर्स आहे. तिथल्या वॉर्डात दिवसपाळीची नर्स, पुढची बाई हजर झाल्याशिवाय हलू शकत नाही. हिला तासभर उशीर झाला तर बारा तास उभी राहिलेली कुणीतरी दुसरी तासभर जास्त उभी राहणार. त्यातून रविवारची संध्याकाळ, बस कमी.

गॅरेजमध्ये त्यांची गाडी उभी होती. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आहे, विजेची मोटारही आहे, आणि मोटारीची बॅटरी घरच्या विजेवर भरता येते. रोजचं दवाखान्याला जाणं-येणं विजेवर, लांबचा पल्ला पेट्रोलवर. जावयानं गावी निघताना गाडीला चार्जिंगची केबल लावून ठेवली होती. भिंतीवरच्या डब्यावर हिरवा दिवा जळत होता. पेट्रोलची टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली.

जावयानं किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवा लुकलुकला नाही, कुलूप खटकलं नाही. पेट्रोल आहे, वीज आहे आणि गाडी मात्र मेल्यासारखी थंडगार.

‘‘मामू, किल्लीचा सेल गेला असणार,’’ जावई म्हणाले. दुसरी किल्ली आणली. तीही तशीच.

गाडीतली धाकटी बॅटरी उतरली होती.

आता तुम्ही विचाराल, ही धाकटी कोण? मलाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. थोरली असते ती बहुधा सीटांखाली किंवा गाडीच्या पोटाखाली. तिचा दाब बहुतेक गाड्यांत तीनशे व्होल्टच्या वर, आणि तिच्यात दहा-पंधरा युनिट वीज मावते. आपल्या घरच्या बिलात मोजतात तीच युनिटं. गाडी पळवते ती ही. धाकटी असते बारा व्होल्टची, आपल्या साध्या मोटारगाडीत असते तशीच शिशाची आणि आम्लाची. चाळीस-पंचेचाळीस अँपिअर-अवरची असली तर तिच्यात जेमतेम अर्धं युनिट वीज. ही गाडी पळवत नाही. ही दिवे लावते, कुलूप उघडते, आणि मुख्य म्हणजे गाडीतल्या संगणकांना जागं करते.

गंमत पाहा. थोरली बॅटरी भरलेली असली तरी गाडी बंद असताना ती बाकीच्या गाडीपासून तोडलेली असते. मध्ये दणकट विजेची कुलपं असतात. त्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात. मोठे रिलेच समजा. गाडी चालू करताना धाकटीच्या विजेवर संगणक जागे होतात, सगळं ठीक आहे ना हे तपासतात, आणि मग धाकटीच्याच विजेवर हे कॉन्टॅक्टर ओढून जोडले जातात. टक् असा आवाज येतो. तो आला की थोरली कामाला लागते, आणि लागल्या लागल्या एका परिवर्तकातून आपल्या तीनशे व्होल्टचे चौदाच्या आसपास व्होल्ट करून धाकटीला भरूही लागते.

म्हणजे थोरली धाकटीला पोसते, पण थोरलीचं दार उघडायचं ते धाकटीनं. धाकटीच उपाशी मेली तर दार उघडणार कोण? विहीर तुडुंब आणि पाइप रिकामा.

तुम्ही म्हणाल, असली उलटी रचना कशाला? थोरलीवरच सगळं चालवावं. पण यामागे शहाणपण आहे. तीनशे व्होल्ट हा जीव घेणारा दाब आहे. गाडी उभी असताना, दुरुस्तीला उघडली असताना, किंवा अपघातात चेपली असताना तो दाब गाडीभर फिरता कामा नये. अपघातात एअरबॅग उघडतात तेव्हा कॉन्टॅक्टर आपोआप सुटतात आणि थोरली एकटी पडते. पण त्या क्षणीही इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत, दारांची कुलपं सुटली पाहिजेत. ते काम धाकटी करते. शिवाय कुलूप कायम उघडं ठेवायला तिची वीज लागते, त्यामुळे तीच गेली तर कुलूप आपसूक बंद होतं. घोटाळा झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी ही योजना आहे. आमची अडचण त्या सुरक्षिततेचीच किंमत होती.

असो. गॅरेजमध्ये परत जाऊ.

किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली लपवलेली असते, हे जावयांना माहितीपुस्तकातून कळलं. चालकाच्या दाराच्या मुठीवरचं टोपण काढलं तर आत जुन्या पद्धतीचं कुलूप निघालं. दार उघडलं. पण धाकटी बॅटरी होती डिकीत, आणि डिकी उघडते विजेच्या बटणानं! सुदैवानं बॉनेटचा खटका तारेनं ओढायचा असतो, त्याला वीज लागत नाही. अशा गाड्यांच्या बॉनेटखाली बहुधा एक लाल टोपण असतं. त्याखालची खुंटी थेट डिकीतल्या बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली असते. नेमक्या याच प्रसंगासाठी.

शेजारचे वयस्कर सरदारजी आपली डिझेल व्हॅन आणि जंपर केबल घेऊन आले. जावई घाईत होते. घड्याळ पळत होतं, भाची कोट घालून दारात उभी. अपुऱ्या उजेडात त्यांनी चिमटे उचलले आणि लावायला वाकले, तेवढ्यात सरदारजींनी त्यांचा हात धरला. ‘‘पुत्तर, पहले किताब देखो.’’

ते बरोबर होतं. लालच्या जागी काळा चिमटा लागला असता तर फ्यूज उडाला असता, कदाचित तो महागडा परिवर्तक किंवा एखादा संगणक जळाला असता. पुस्तकात क्रम दिला होता. आधी लाल चिमटा आपल्या गाडीच्या लाल खुंटीला. मग लालचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या धन टोकाला. मग काळा त्या गाडीच्या ऋण टोकाला. शेवटी काळ्याचं उरलेलं टोक आपल्या गाडीच्या सांगितलेल्या उघड्या धातूला. काढताना याच्या उलट. आणि नारिंगी रंगाच्या ज्या जाड केबली दिसतात त्यांना बोटही लावायचं नाही. त्या थोरलीच्या. नारिंगी रंग हीच त्यांची धोक्याची पाटी.

चिमटे लागले. काही मिनिटं थांबून जावयांनी ब्रेक दाबला आणि बटण दाबलं. टक्! समोरची पाटी उजळली. आम्ही इंजिनाच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. आवाज येईना. ‘‘नाही झाली,’’ म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं, आणि सुरू झालेली गाडी बंद करून टाकली! प्लग-इन हायब्रिड सुरू होते ती बहुतेक वेळा मुकाट्यानं. इंजिनाची गरजच नसते. पाटीवर ‘रेडी’ अशी अक्षरं आली की झाली सुरू. हे कळेपर्यंत आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी सरदारजी भाचीला म्हणाले, ‘‘चल, मी सोडतो,’’ आणि व्हॅन घेऊन निघाले. ती वेळेवर पोचली. गाडीमुळे नव्हे, शेजाऱ्यामुळे.

खरी भीतीची गोष्ट यानंतर घडली.

जावयांनी तिसऱ्यांदा गाडी सुरू केली. धाकटी भरायला तासभर तरी गाडी ‘रेडी’ राहायला हवी होती. बाहेर थंडी. काचांवरचं दव जावं म्हणून हीटर लावला, गॅरेजचं शटर खाली ओढलं, आणि आम्ही स्वयंपाकघरात चहाला बसलो. गॅरेजचं एक दार स्वयंपाकघरातच उघडतं. वर मुलगी झोपली होती. गाडी विजेवर शांत उभी आहे, आवाज नाही, धूर नाही, मग काय काळजी? अर्धा कप चहा झाला असेल नसेल, भिंतीपलीकडून घरघर ऐकू आली. आमच्या विहिरीवरच्या मोटारीसारखी. मी उठून दार उघडलं तर गॅरेजमध्ये इंजिन चालू होतं आणि धुराचा वास कोंडला होता. थंडीत हीटरला ऊब पुरवण्यासाठी गाडीनं आपण होऊन इंजिन सुरू केलं होतं. जावई धावले, गाडी बंद केली, शटर वर केलं, मी वरच्या खिडक्या उघडल्या. मुलगी गाढ झोपेत होती. तिला उठवून तिचा चेहरा पाहिला तेव्हा जिवात जीव आला.

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. आम्हाला आला तो धुरातल्या इतर वायूंचा वास. झोपलेल्या माणसाला तो झोपेतच घेऊन जातो. म्हणून, श्रोतेहो, आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : ‘रेडी’ असलेली हायब्रिड गाडी कितीही शांत वाटली तरी तिचं इंजिन कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतं. धाकटी भरायला गाडी चालू ठेवायची ती मोकळ्या हवेत, आणि कुणीतरी जवळ असताना.

दुसऱ्या दिवशी मदत सेवेचा मेकॅनिक आला. त्यानं मीटर लावून दाखवलं. पूर्ण भरलेली, विसावलेली बारा व्होल्टची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. बारावर आली म्हणजे जवळजवळ संपली. ही रात्रभरात पुन्हा बाराच्या खाली गेली होती. पाच वर्षांची होती, बदलावी लागली. एकदा पुरती उतरली की शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाच्या संयुगाचे कठीण स्फटिक साचतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. कडक थंडीच्या देशात आणखी एक धोका असतो. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि ते गोठू शकतं. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला चिमटे लावायचेच नाहीत.

मी त्याला विचारलं, ‘‘गाडी बंद होती, मग वीज गेली कुठं?’’ त्यानं हिशेब मांडून दाखवला. गाडी बंद असते म्हणजे झोपलेली असते, मेलेली नव्हे. चोरीचा भोंगा जागा असतो, किल्लीची चाहूल घेणारा रेडिओ जागा असतो, मोबाइलवर खबर देणारं यंत्र जागं असतं. सगळं मिळून पन्नास मिलिअँपिअर जरी ओढलं तरी दिवसाला एक अँपिअर-अवरहून थोडं जास्त. साडेतीन आठवड्यांत जवळपास तीस. पंचेचाळीसची बॅटरी, तीही म्हातारी, त्यात थंडी. राहिलं काय? काचेवर कॅमेरा बसवून तो गाडी बंद असतानाही चालू ठेवला, तर तो एकटाच आठवड्याभरात सगळं पिऊन टाकू शकतो.

‘‘पण चार्जिंगची केबल तर लावलेली होती!’’ जावई म्हणाले. ती केबल थोरलीसाठी. थोरली भरत असते तोवर धाकटीलाही घास मिळतो. थोरली भरली की बऱ्याच गाड्यांत चार्जिंग थांबतं, कॉन्टॅक्टर सुटतात, आणि धाकटी पुन्हा एकटी. काही गाड्या मधून मधून जाग्या होऊन धाकटीला भरतात, सगळ्या नाही. आपली कोणती, हे पुस्तकात पाहावं.

मग उपाय काय? तो सोपा आहे. गाडी आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवावी, किंवा मोकळ्या जागेत ‘रेडी’ करून ठेवावी. नुसता रेडिओ ऐकत बसायचं असलं तरी ‘रेडी’ करूनच बसावं. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर दिवे लागतात, गाणी लागतात, पण थोरली झोपलेलीच राहते आणि सगळा खर्च धाकटीच्या अंगावर पडतो. महिनाभर बाहेरगावी जायचं तर बारा व्होल्टचा छोटा स्वयंचलित चार्जर धाकटीला लावून जावं. तो आपल्या बॅटरीच्या जातीला चालतो ना, हे तेवढं तपासावं. पुस्तकाएवढे लिथियमचे जंपर मिळतात, तो एक गाडीत ठेवावा. डिकीत मात्र नको! डिकी उघडणार नाही, हे आपण पाहिलंच.

आणि इतका लहान जंपर इथे पुरतो, याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला. तोवर हँडल मारून गाडी सुरू करावी लागे. तेव्हापासून शंभर वर्षं आपण हेच शिकलो की बॅटरीचं काम इंजिनाला गरकन फिरवणं. त्याला शेकडो अँपिअर लागतात. 1997 मध्ये जपानात टोयोटाची प्रियस आली आणि ते काम थोरल्या बॅटरीकडं गेलं. 2008 मध्ये चीनच्या बीवायडीनं भिंतीवर भरता येणारी हायब्रिड आणली, 2010 मध्ये अमेरिकेत शेव्हर्ले व्होल्ट आली. बहुतेक अशा गाड्यांत इंजिन फिरवायला थोरलीच असते. धाकटीकडं उरलं ते फक्त जागं करण्याचं काम, आणि त्याला वीज लागते थोडीशीच. कळशीभर. काही कोरियन गाड्यांत तर धाकटीही लिथियमची असते. ती पुरती संपण्याआधी स्वतःला तोडून घेते, आणि एक बटण दाबलं की राखून ठेवलेली वीज पुन्हा देते.

याच कारणानं एक उलटी सूचनाही पाळावी. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची बंद पडलेली पेट्रोल-डिझेल गाडी सुरू करून द्यायला जाऊ नये. पुष्कळ माहितीपुस्तकांत त्याला स्पष्ट मनाई असते. त्या गाडीचा स्टार्टर शेकडो अँपिअर ओढणार, आणि आपली धाकटी नि तो परिवर्तक त्या ओढीसाठी बनलेले नसतात. गाडी ढकलण्याचा आपला देशी उपायही इथे चालत नाही. वीज नसताना चाकांचं कुलूप सुटत नाही, आणि सुटलं तरी ढकलून अशी गाडी सुरू होत नाही. चार्जिंगची केबल अडकून बसली असेल तर तीही हिसकू नये. ती सोडवायचा वेगळा खटका असतो, त्याची जागा पुस्तकात दिलेली असते.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय, असं म्हणू नका. आपल्याकडं भिंतीवर भरायच्या हायब्रिड फार थोड्या आहेत. पण 2022 पासून मारुती, टोयोटा, होंडा यांच्या हायब्रिड आपल्या रस्त्यांवर पळताहेत, आणि निव्वळ विजेच्या गाड्या तर तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यांच्यातही ही धाकटी असतेच. मुलगा परदेशी, गाडी पुण्याला इमारतीखाली महिनोन् महिने उभी, आणि आईवडिलांपैकी कुणालाच ती चालवता येत नाही, अशी घरं कमी नाहीत. अशा घरी निदान ती लपलेली किल्ली आणि बॉनेटखालची लाल खुंटी कुणीतरी दाखवून ठेवावी. उजेड असताना, घाई नसताना.

त्यानंतरच्या डिसेंबरात भाचीचं कुटुंब पुन्हा गावी आलं. निघण्यापूर्वी काय काय बंद करायचं याची यादी ती फ्रिजला लावते : गॅस, पाण्याचा नळ, खिडक्या. आता त्यात धाकटीला चार्जर लावण्याची एक ओळ वाढली आहे. इथे पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी आमच्या पंपानं पाणी सोडलं. मी कळशी घेऊन उठलो, तर जावयांनी ती माझ्या हातातून घेतली. ‘‘मामू, हे काम मला येतं,’’ म्हणाले. पाइपात पाणी ओतलं, झाकण लावलं, बटण दाबलं आणि कान देऊन उभे राहिले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)